जेसीबी-पोकलेनची सीट पुन्हा पुन्हा 'बसते'? फोम भरण्याआधी खाली वाकून बघा

सीटची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "सीट बसलीय, फोम टाकून द्या." पण या 'बसलीय'मध्ये सात-आठ वेगवेगळे बिघाड असू शकतात. म्हणून आधी तुमच्या मशीनची सीट नेमकं काय करते ते ओळखा.

खड्ड्यातून जाताना सीट खाली टेकते, 'ठक्क' असा लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज येतो आणि धक्का थेट माकडहाडात जातो.

एक धक्का बसला की सीट तीन-चार वेळा वरखाली होत राहते, लवकर थांबतच नाही.

याच्या उलट, सीट जागची हलत नाही. लाकडी बाकावर बसून मशीन चालवल्यासारखं वाटतं.

सीट एका बाजूला कललेली आहे, किंवा डावी-उजवीकडे डुलते आणि करकरते.

ब्रेक दाबला की सीट स्लायडरवर पुढे सरकते. जेसीबीमध्ये सीट मागे फिरवून खोदताना फिरत्या प्लेटमध्ये खडखड लागते.

गादीच्या मध्यात खळगा पडलाय आणि खालचा पत्रा लागतो.

हवेवरची सीट संध्याकाळी वर असते, सकाळी पार खाली गेलेली असते.

आणि शेवटचं लक्षण, ज्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. ऑपरेटर घडी केलेलं गोणपाट किंवा घरची उशी घेऊन मशीनवर चढतो. तो कुणाकडे तक्रार करत नाही, आपल्यापुरता उपाय करतो. मालकांनी केबिनमध्ये गोणपाट दिसलं की सीट तपासायला घ्यावी.

पुण्याजवळ भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. गेली सतरा वर्षं कुशन आणि सीट फ्रेमचं काम करतोय, त्यातली निम्म्याहून जास्त कामं बॅकहो लोडर आणि एक्स्कॅव्हेटरची. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या बॅकहो लोडरला जेसीबी म्हणतात आणि कुठल्याही एक्स्कॅव्हेटरला पोकलेन, तसंच मीही पुढे लिहिणार आहे. मोशी, चाकण, वाघोली, खेड शिवापूर इकडून येणाऱ्या मशीनच्या सीटमध्ये एकच दुखणं परत परत बघतो. वर्षात दोनदा-तीनदा फोम बदलला जातो आणि बिघाड मात्र फोमच्या वीतभर खाली तसाच राहतो.

एक उदाहरण सांगतो. मागच्या वर्षी मे महिन्यात वाघोलीच्या बाजूच्या एका खडी क्रशरवरून जेसीबी आलं. वर्षात तिसऱ्यांदा फोम भरायचा होता आणि त्यातला पहिला फोम मीच भरलेला होता. ऑपरेटर पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा केबिनमधून उतरले, पाय जमिनीला टेकले, पण हात चाकावरून काढला नाही. कंबर सरळ होईपर्यंत तसेच उभे राहिले, मग चालायला लागले. त्या दिवशी मी फोमला हात लावायच्या आधी सीटखालच्या रबरी झालरीच्या क्लिपा काढल्या. आत क्रशरची डस्ट आणि मुरूम पावसाच्या पाण्यात भिजून, वाळून इतका घट्ट झाला होता की स्क्रूड्रायव्हर ठोकून फोडावा लागला. चांगला दोन-तीन ओंजळी माल निघाला. सीट वरखाली करणाऱ्या कैचीचे, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या लोखंडी हातांचे, रोलर त्यातच गाडले गेले होते. वजनाचा नॉब, म्हणजे ऑपरेटरच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग कडक-ढिली करणारा, १३० किलोवर फिरवलेला, आणि मामांचं वजन साठ-बासष्ट. म्हणजे सस्पेन्शन, गादीखालची धक्के झेलणारी स्प्रिंग-कैची, कित्येक महिने हललंच नव्हतं, सगळा मार एकटा फोम खात होता. साफ केलं, ऑइल दिलं, नॉब ६० वर आणला आणि फोम न बदलता मशीन परत पाठवलं. पहिल्या वेळीच हे बघायला हवं होतं. मामांच्या कंबरेचं एक वर्ष त्यात गेलं, हे मला अजून लागतं.

खाली जे तपासायला सांगतोय, ते सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चिकाकडे लावलंय. त्यात फोम पाचव्या नंबरवर आहे, आणि तो मुद्दाम तिथे ठेवलाय.

सीट नेमकं काय काम करते

हे दोन मिनिटांत समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते कळेल. उभ्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांमध्ये सेकंदाला साधारण ४ ते ८ हादरे माणसाच्या मणक्याला सगळ्यांत जास्त त्रास देतात, कारण त्याच गतीला आपलं धड स्वतःच हलायला लागतं, हादरा वाढवून घेतं. रबरी चाकांचं मशीन उखडलेल्या रस्त्यावर चाललं की याच्याच आसपासचे हादरे देतं. नुसता फोम ते थांबवू शकत नाही. फोमची स्वतःची लय त्याच पट्ट्यात येते, म्हणून कधीकधी तो हादरा वाढवतोसुद्धा. स्प्रिंग किंवा हवेचं सस्पेन्शन मात्र सेकंदाला एक-दोन अशा सावकाश लयीत झुलतं, त्यामुळे वरचे जलद हादरे त्यात विरून जातात. थोडक्यात, फोम बसायला मऊ लागावं म्हणून असतो आणि मणका सांभाळायचं काम सस्पेन्शनचं. युरोपात २००२ च्या नियमानुसार आठ तासांच्या कामाला हादऱ्यांची मर्यादा ठरवून दिली आहे. ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गच्या वर गेलं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या वर ऑपरेटरला बसवायचंच नाही. आपल्या साइटवर हे मोजायला कुणी येत नाही, त्यामुळे सीट ठीक ठेवणं एवढंच आपल्या हातात उरतं.

हात घालण्याआधी

मशीन सपाट जागेवर, लोडर आणि बकेट जमिनीला टेकवलेलं, पार्किंग ब्रेक ओढलेला, इंजिन बंद, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. सीट वर उचलून खाली हात घालायचा असेल तर कैचीमध्ये लाकडी ठोकळा अडकवा. सस्पेन्शनची कैची अचानक मिटली तर बोट तुटतं. हे भीती घालायला लिहीत नाही, एका पोराचं बोट माझ्यासमोर गेलंय.

१. वजनाचा नॉब

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. सीटच्या पुढे किंवा बाजूला एक नॉब किंवा हँडल असतं, त्यावर ५० पासून १२०-१३० पर्यंत किलोचे आकडे असतात. ऑपरेटरच्या वजनावर तो आणा. आकडे पुसले गेले असतील तर टेप घ्या. सीट रिकामी असताना केबिनच्या फरशीपासून सीटच्या पत्र्याच्या कडेपर्यंत माप घ्या. मग ऑपरेटरला नेहमीसारखं बसवा, पाठ टेकलेली, पाय पेडलवर, आणि पुन्हा मापा. स्प्रिंगच्या बहुतेक सीटचा वरून खालपर्यंतचा प्रवास ८ ते १० सेंमीच्या आसपास असतो. माणूस बसल्यावर सीट त्याच्या साधारण मध्यावर आली पाहिजे.

मध्यावरच का, तर खाली जायला आणि वर यायला सारखी जागा हवी. नॉब ढिला असेल तर सीट आधीच तळाशी असते आणि प्रत्येक खड्ड्याला खाली आपटते. नॉब फार कडक असेल तर सीट वरच्या टोकाला चिकटून राहते, तिथे लोखंडावर लोखंड आपटतं आणि ऑपरेटर वर फेकला जातो. या टोकाला आपटण्याचा धक्का तर सस्पेन्शन नसलेल्या सीटपेक्षाही वाईट.

दोन पाळ्यांत मशीन चालत असेल तर ही गोष्ट रोज बिघडते. दिवसाचा ऑपरेटर ९० किलोचा, रात्रीचा ५५ चा, आणि नॉब कुणीच फिरवत नाही. मी नॉबवर नेलपॉलिशच्या दोन रंगांच्या खुणा करून देतो, एक दिवसाच्या माणसाची, एक रात्रीच्या. एवढ्याने अनेक सीट माझ्याकडे परत यायच्या थांबल्या.

नॉब फिरत नसेल तर पाइप लावून जोर करू नका, आतला प्लॅस्टिकचा भाग तुटतो. आट्यांवर गंज सोडवणारं ऑइल मारा आणि रात्रभर ठेवा.

२. झालरीखालची घाण

क्लिपा किंवा स्क्रू काढून रबरी झालर वर करा. ब्रश, पातळ पट्टी आणि कंप्रेसरची हवा, एवढंच लागतं. मुरूम, डस्ट, गुटख्याच्या पुड्या, बाटलीची झाकणं, नट-बोल्ट, एकदा तर अख्खा १९ नंबरचा पाना निघाला होता. कैचीचे रोलर ज्या खाचेत पळतात ती खाच बोटाने चाचपून बघा. तिथे एक खडा जरी अडकला तरी सीट एका बाजूला कलते आणि पुढे रोलर घासून चपटा होतो.

प्रेशर पंपाने केबिन धुऊ नका. पाणी झालरीच्या आत जातं, डस्टचा चिखल होतो, वाळला की सिमेंट. पुण्याचा काळा दगड फोडल्यावर जी बारीक पूड पडते ती अशी बसते की मामांच्या सीटसारखी गत होते. झालर फाटलेली असेल तर ती आधी बदला. ती स्वस्त असते म्हणून लोक सोडून देतात, आणि मग आतलं महागाचं सामान खराब होतं.

३. बोल्ट, स्लायडर आणि फिरतं लॉक

सीटच्या पाठीला धरून पुढे-मागे आणि आडवं हलवा. खडखड कुठून येते ते ऐका आणि दुसऱ्याला त्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. सांध्यात खेळ असेल तर तो बोटाला लगेच कळतो. गादीचे बोल्ट बऱ्याचदा १३ नंबरच्या पान्याचे असतात, खाली प्लेटचे त्याहून मोठे. ढिले असतील तर घट्ट करा. नट पुन्हा पुन्हा सुटत असेल तर नवा नायलॉनचा नट लावा, जुना परत वापरू नका.

स्लायडरच्या दोन्ही बाजूंचं लॉक एकाच वेळी बसलं पाहिजे. बऱ्याच सीटमध्ये एकच बाजू अडकते, दुसरी अर्धवट राहते, आणि ब्रेक दाबल्यावर सीट तिरकी होऊन सुटते. उतारावर हे जिवावर बेतू शकतं. दोन लॉकना जोडणारी तार ताणली गेलेली असते, ती सारखी केली की काम होतं. लॉकचे दातच झिजले असतील तर स्लायडरची जोडी बदला, दात वेल्डिंगने भरून घासू नका.

स्लायडरला भरभरून ग्रीस थापू नका. ग्रीसवर डस्ट बसली की कानसच तयार होते. पुसून, कोरडा सिलिकॉन स्प्रे मारला तरी पुरतं. फिरत्या प्लेटला मात्र कंपनीने निप्पल दिला असेल तर तिथे ग्रीस द्या.

४. डॅम्पर

डॅम्पर म्हणजे सीटखालचा छोटा शॉक अॅब्सॉर्बर, झुलणं थांबवणारा. सीटवर कुणी बसलेलं नसताना दोन्ही हातांनी सीट जोरात दाबा आणि सोडा. वर येऊन एखादा छोटा झोका घेऊन थांबली तर डॅम्पर चांगला. पाळण्यासारखी झुलत राहिली तर संपला. खात्री करायची असेल तर एका बाजूची पिन काढा आणि दांडा हाताने ओढा-ढकला. पूर्ण लांबीभर सारखी अडवणूक जाणवली पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला किंवा नळीवर तेल ओघळलेलं दिसलं तर बदला.

स्प्रिंग धक्का घेते पण जिरवत नाही, तो परत फेकते. जिरवण्याचं काम डॅम्परचं. डॅम्पर गेला की ऑपरेटर नॉब कडक करतो, कारण झुलणं बंद व्हावं. नॉब कडक झाला की सीट वर अडकते, मार फोमवर येतो, फोम बसतो, आणि मग माझ्याकडे फोम भरायला गाडी येते. ही साखळी मी इतक्यांदा बघितलीय की आता फोमची तक्रार आली तर माझा हात आधी डॅम्परकडे जातो. नवा डॅम्पर घेताना लांबी मिटलेला आणि उघडलेला अशा दोन्ही मापांनी जुळवा. आखूड डॅम्पर लावला तर सीटचा प्रवास तिथेच अडतो आणि दोन्ही टोकांची पिन वाकते.

५. फोम आणि कव्हर

आता फोम. गादीच्या मध्यात मूठ पूर्ण जोराने दाबा. पत्रा हाताला लागला तर फोम संपलाय. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ पट्टी ठेवा आणि मध्यात किती खळगा आहे ते मापा. दोन-अडीच सेंमीच्या वर गेला असेल तर बदलायची वेळ झाली. फोम ओला आहे का तेही बघा. जून ते सप्टेंबरात गादी उचलली तर नेहमीपेक्षा जड लागते, दाबली की शिवणीतून पाणी येतं. असा फोम वाळवून वापरू नका, आतून कुजलेला असतो आणि वास जात नाही.

शक्य असेल तर कंपनीची साच्यातली तयार गादीच घ्या. मांड्यांच्या खालचा, बाजूचा आणि मागचा उतार तिच्यात बरोबर असतो. ती मिळत नसेल, जुन्या मॉडेलची मिळत नाहीच, तर शीट फोममधून बनवावी लागते. नाना पेठेत रेक्झिन आणि फोमची दुकानं आहेत. तिथे गेलात तर डेन्सिटीचा आकडा म्हणजे कडकपणा असं समजू नका. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, त्याचा कडकपणाशी थेट संबंध नाही. ३२ चा फोम हाताला कडक लागू शकतो आणि ५० चा मऊ. हलका पण कडक फोम दुकानात छान वाटतो, मशीनवर दोन महिन्यांत चुरगळतो, कारण त्यात माल कमी आणि हवा जास्त असते. मी खाली रिबॉन्डेडचा, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून बनवलेल्या फोमचा, पातळ थर घेतो आणि वर ५० डेन्सिटीच्या पुढचा, दाबून सोडला की लगेच उसळणारा फोम. दोन थर चिकटवताना सोल्युशन फक्त कडेने लावतो. पूर्ण पसरलं तर वाळून त्याचा पापुद्रा होतो आणि तोच टोचतो.

उंची हा सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. जुन्या गादीची जाडी पुढच्या कोपऱ्यात, जिथे झीज कमी असते तिथे मापा, आणि नवी गादी दबल्यावर तेवढीच भरली पाहिजे. "अजून दोन इंच टाका, मऊ होईल" असं मालक सांगतात. सुरुवातीला एकदा मी ऐकलं होतं. चाकणच्या साइटवरचा तो ऑपरेटर दुसऱ्या दिवशी परत आला. टाच फरशीवर टेकत नव्हती, पेडल दाबायला तो पुढे सरकून बसत होता, म्हणजे पाठ टेकतच नव्हती, आणि गुडघे स्टिअरिंगला लागत होते. पाठ टेकली नाही की सगळं वजन कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतं. मऊपणा वाढवून आम्ही दुखणं वाढवलं होतं. तो फोम मी माझ्या खर्चाने काढला.

कव्हरबद्दल थोडं. एप्रिल-मे मध्ये काचेच्या केबिनमध्ये काळं रेक्झिन चटके देतं, घामाने माणूस सरकत राहतो. बसायच्या मधल्या भागाला जाड कापड आणि कडांना रेक्झिन हे चांगलं. शिवण बसायच्या जागेवरून आडवी जाऊ देऊ नका, सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी जातं. ती कडेला, उतारावर घ्या. नव्या सीटवरची पॉलिथिनची पिशवी काढून टाका. नवी दिसावी म्हणून लोक वर्षभर तशीच ठेवतात आणि ऑपरेटर आठ तास घामात बसतो.

पुण्याच्या जुन्या बाजारातून, बुधवारी-रविवारी मिळणारी कारची सीट आणून जेसीबीत बसवणारेही भेटतात. दिसायला गुबगुबीत असते, पण तिच्यात सस्पेन्शन नाही. कारच्या सीटला चाकांच्या वरचं सस्पेन्शन सांभाळून घेतं, जेसीबीला ते नसतं. ती बसवू नका. अशी सीट मी कुणालाच बसवून देत नाही.

६. बुश, रोलर, पिन, स्प्रिंग

इथून पुढे हात काळे होतात आणि वेळ लागतो. सीट डावी-उजवीकडे हलवल्यावर कैचीतून खेळ येत असेल तर बुश गेलेत. बुश म्हणजे पिन ज्यात फिरते त्या छोट्या नळ्या, प्लॅस्टिकच्या किंवा पितळी असतात. एक गेला म्हणून एकच बदलू नका, पूर्ण सेट बदला, नाहीतर नव्या बुशवर सगळा भार येतो आणि तो जुन्यांच्या आधी जातो. पिन हातात घेऊन नखाने चाचपा. पायरी लागली तर पिनही बदला. झिजलेल्या पिनेवर नवा बुश महिनाभरही टिकत नाही. रोलर फिरवून बघा, एका बाजूने चपटा असेल तर टाकून द्या. तळाचा रबरी ठोकळा, ज्यावर सीट शेवटी टेकते, तो बऱ्याचदा गायबच असतो. छोटा तुकडा, पण 'ठक्क' आवाजाचं मूळ अनेकदा तोच.

स्प्रिंग काढायची असेल तर आधी नॉब सगळ्यांत कमी वजनावर आणा, ताण पूर्ण उतरवा. तरीही ताण शिल्लक वाटला तर स्प्रिंगला हात लावू नका, ज्याच्याकडे ओढणीचं साधन आहे त्याच्याकडे न्या. पकडीने ओढून काढलेली स्प्रिंग तोंडावर येते.

७. हवेची सीट

मोठ्या पोकलेनमध्ये आणि आता काही महाग जेसीबीतही असते. आधी फ्यूज बघा. मग बटण दाबून कंप्रेसरचा आवाज ऐका. कंप्रेसर चालतो पण सीट वर येत नाही किंवा रात्रीत खाली बसते, तर साबणाचं पाणी करून ब्रशने हवेच्या फुग्यावर, पाइपच्या टोकांवर आणि व्हॉल्व्हवर लावा. बुडबुडे आले तिथे गळती. पाइपचं टोक तडकलं असेल तर तेवढं कापून परत बसवता येतं. फुगा घडीत तडकला असेल तर बदलायचाच, सायकलच्या पंक्चरसारखं ठिगळ त्यावर टिकत नाही. गळती तशीच ठेवून मशीन चालवलं तर कंप्रेसर सारखा चालू राहतो आणि तोही जळतो, मग खर्च तिप्पट. कंप्रेसर नवा घेताना मशीन १२ व्होल्टचं आहे की २४ चं ते बघून घ्या. मोठी पोकलेन बहुधा २४ ची असतात.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर पाना खाली ठेवा. मीही ठेवतो.

सीट जिथे केबिनच्या फरशीला बोल्ट होते तिथे पत्रा तडकलेला असेल, किंवा सीट बेल्टची पकड ज्या भागाला आहे तिथे चीर किंवा गंजाने पोखरलेलं असेल, तर मशीनच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्याला बोलवा. मशीन उलटलं तर केबिन चिरडू नये म्हणून तिचा सांगाडा खास बनवलेला असतो, आणि बेल्टमुळे माणूस त्या सांगाड्याच्या आत राहतो. तिथे गल्लीतल्या वेल्डरने मारलेला टाका वरून छान दिसतो, पण उष्णतेने बाजूचं लोखंड कमजोर होतं. नवीन भोक पाडणंही तसंच. मशीन खरंच उलटेपर्यंत ते कळत नाही, आणि तेव्हा उपयोग नसतो.

बेल्ट उसवलेला, कापलेला, किंवा मशीन एकदा उलटलेलं असेल तर बेल्ट बदलायचा, शिवायचा नाही. बेल्टला शिवणयंत्र लावायला माझ्याकडे आणू नका.

सीटखाली वायर जात असेल तर ती ऑपरेटर बसलाय की नाही हे मशीनला सांगणाऱ्या स्विचची असू शकते. फोम बदलल्यावर मशीन सुरू होईना, लिव्हर काम करीनात, म्हणून काही जण त्या दोन वायरी पिळून जोडतात. मग सीट रिकामी असतानाही मशीन हलू शकतं. स्विच नीट बसवा किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा, वायरी पिळू नका.

कैचीचं हाड वाकलेलं किंवा तडकलेलं असेल तर दुरुस्ती सोडा, सस्पेन्शनचा पूर्ण खालचा भाग किंवा पूर्ण सीट बदला. नवी सीट घेताना बोल्टच्या भोकांचं अंतर, वजनाचा पल्ला, सीटची उंची आणि बेल्टची जागा जुळवा. शिवाय ती कुठल्या प्रकारच्या मशीनसाठी तपासलेली आहे ते विचारा. आयएसओ ७०९६ या आंतरराष्ट्रीय मानकात माती-कामाच्या मशीनचे ईएम १ ते ईएम ९ असे वर्ग आहेत, कारण रोड ग्रेडरचा हादरा वेगळा आणि डोझरचा वेगळा. ट्रॅक्टरची सीट भोकं जुळली म्हणून जेसीबीला चालेल असं नसतं.

आणि ऑपरेटरच्या पायात मुंग्या येत असतील, कंबरेतून कळ पायाखाली उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर आधी डॉक्टरकडे, हाडांच्या तज्ज्ञाकडे जा. सीट मी नंतरही बघेन. ती नीट केल्याने पुढचा त्रास कमी होईल, पण दबलेली नस माझ्या पान्याने सुटणार नाही. लघवी-संडासावरचा ताबा कमी झाल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सीट ठीक निघाली तर

सगळं तपासून सीट चांगली असेल आणि तरी धक्के बसत असतील, तर टायरमधली हवा बघा. जेसीबीचे टायर दगडावर कापू नयेत म्हणून लोक भरमसाट हवा भरतात, मग प्रत्येक खडा वर येतो. केबिन ज्या रबरी माउंटवर बसते ती तडकली की पूर्ण केबिनच थरथरते, आणि तिथे सीट काहीच करू शकत नाही. क्रशरच्या आतला ये-जा करायचा रस्ता आठवड्यातून एकदा त्याच जेसीबीच्या बकेटने ओढून सपाट केला, तरी सीटवरचा मार खूप कमी होतो. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते कुणाला सांगितलेलं नसतं म्हणून होत नाही.

२५० तासांच्या सर्व्हिसला ऑइल बदलतानाच झालर उघडून आत हवा मारून घ्या, सीट दाबून झोका बघा, लॉक ओढून बघा, बेल्ट बोटांतून फिरवा. सर्व्हिस बुकात ऑइल फिल्टरच्या खाली सीटची एक ओळ लिहा, तारखेसकट. नॉबवर नेलपॉलिशची खूण पुसली असेल तर तेव्हाच परत लावा.